रुचि मॅडमचे मंगळवार

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

आजपासून रोजनिशी. नोंद पाहिजे. उद्या कुणी विचारलं की हे सगळं कधी सुरू झालं, तर तारीख हाताशी असावी.

झालं असं. सकाळी हेडमास्तर देवानंद सर म्हणाले, भुजंग सर, चित्रकलेच्या खोलीची चावी द्या. म्हटलं, काहून? म्हणे, जालन्याहून रुचि मॅडम आल्यात, दर मंगळवारी येणार, लेकरांकडून चित्रं काढून घेणार.

म्हटलं, चित्रं तर मी अठ्ठावीस वर्षांपासून काढून घेऊन राह्यलो.

म्हणे, ते वेगळं. ही आर्ट थेरपी आहे. लहानपणी मनात काय बसलं, कुणावर जीव आहे, कशाची भीती आहे, ते लेकरू तोंडानं सांगत न्हाई, चित्रातून सांगतं.

म्हणजे मंठ्याच्या या शाळेत चित्रकलेचा डिप्लोमा कुणाकडे? माझ्याकडे. गेल्या वर्षी ग्रेड परीक्षेला बावीस पोरं कुणी बसवली? मी. आणि चावी कुणाला? असो. दिली. पण हातात न्हाई दिली, टेबलावर ठेवली. समजणाऱ्याला समजतं.

रुचि मॅडम: वय सत्तावीस-अठ्ठावीस. नवीन जालन्यातल्या मारवाडी घरातली, वडिलांचं बियाण्यांचं दुकान. मराठी आपल्यासारखं बोलते. विचारलं, तुम्ही स्वतः काय काढता, लँडस्केप की पोर्ट्रेट? म्हणे, सर, मला तर माणसाचे हातसुद्धा नीट काढता येत नाहीत. आणि हसली.

हसली!

बाकीचा दिवस मी या एका वाक्यावर काढला.

संकल्प: मंगळवारी त्या खोलीकडे बघायचं न्हाई.

१० डिसेंबर, मंगळवार

संकल्प पाळला. खिडकीवरून फक्त चार वेळा गेलो. पाण्याचा नळ त्याच बाजूला आहे. थंडी असूनही आज तहान फार.

आत आठ लेकरं. सहावीचा अंगद, जो माझ्या तासाला कंपास उघडत न्हाई, तो फरशीवर पालथा पडून रंगवत होता. जीभ बाहेर काढून. माझ्या तासाला याची जीभ कधी बाहेर आली न्हाई.

शालूपण होती. पाचवीतली. हिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला गेले, ते आता पाडव्याला येतील. ही इथं आजीजवळ. ते गेले तेव्हापासून पोरगी शाळेत एक अक्षर बोलली न्हाई. हजेरीला नुसता हात वर करते. पण माझ्या तासाला एकदम शिस्तीत. मी फळ्यावर सुरई काढली की तस्सी सुरई. रेघ इकडची तिकडे न्हाई. तीन वर्षांपासून माझी बेस्ट विद्यार्थिनी. आज तिथं मात्र दोन्ही हात तेलखडूनं भरलेले, कोपरापर्यंत. मॅडम शेजारी मांडी घालून बसल्या होत्या आणि काही म्हणजे काही शिकवत नव्हत्या.

याचा पगार मिळतो.

१४ डिसेंबर, शनिवार

दुपारी शिक्षकांसाठी कार्यशाळा. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकानं पक्ष्याचं एक घरटं काढा. चांगलं-वाईट काही नाही, जसं येईल तसं.

आता बोला. चांगलं-वाईट नसेल तर मी अठ्ठावीस वर्षं लाल पेन कशाला वापरला?

ठरवलं, आज दाखवून द्यायचं. सुगरणीचा खोपा काढला. एकेक काडी सुटी. बाभळीचा काटासुद्धा. खालून सावली. पीटीचे संपत सर बघून म्हणाले, फोटो चिकटवला का काय.

मॅडम आल्या. वाटलं, आता उचलून सगळ्यांना दाखवतील. बराच वेळ बघितलं. मंग हळू आवाजात विचारलं, सर, यात राहतं कोण?

म्हटलं, सुगरण.

कुठंय?

म्हटलं, कामाला गेलीय.

आणि पिल्लं?

म्हटलं, मोठी झाली. ज्याची त्याची राहतात.

बरं, म्हणाल्या. नुसतं बरं! आणि देवानंद सरांकडे वळल्या. त्यांनी काय काढलं होतं? परातीत तीन लाडू आणि त्यावर कोंबडीसारखं काहीतरी, तिला एकच पाय. तिथं मॅडम दहा मिनिटं. सर आपल्या वारलेल्या आईचं सांगायला लागले, चष्मा काढून डोळे पुसले.

लाडवांवर लोक रडतात आणि माझ्या शेडिंगला बरं.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी १०

यात अवघड काय आहे, ते एकदा बघूनच टाकलं. मोबाईलवर आठ व्हिडिओ. विषय संपला. अटॅचमेंट म्हणजे काय, तर लेकराला खात्री पाहिजे की आपण रडलो तर कुणीतरी येईल. एवढंच. हे तर कुणीही सांगेल.

मला स्वतःला त्याची कधी गरज पडली न्हाई. सहा वर्षांचा होतो, आईनं वाटूरहून आणून इथं मंठ्याला मामांकडे ठेवलं. इथली शाळा मोठी म्हणून. धाकट्या धर्मराजला मात्र वाटूरचीच शाळा चालली. तो आईजवळच वाढला, अजून तिच्याजवळच आहे. मी एकदाही रडलो न्हाई. मामा पाव्हण्यांना सांगायचे, पोरगं वाघ आहे. बालपण एकदम मजेत. ट्रॉमा शून्य.

दुपारी २

प्रॅक्टिकल. बायको दैवशाला भाकरी करत होती, तिला म्हटलं, एक घरटं काढ. म्हणे, तवा तापलाय. म्हटलं, दोन मिनिटं. तिनं पेपरच्या कडेला पेननं एक गोल काढला. आत तीन ठिपके. बाहेर, बऱ्याच अंतरावर, एक ठिपका.

आतले कोण? म्हणे, मी आन् पोरी. बाहेरचा? म्हणे, तुम्ही. बाहेर काहून? म्हणे, तुम्ही घरात असलात तरी आत कधी बसता?

निष्कर्ष: दैवशालाला बालपणीचा काहीतरी ट्रॉमा आहे. तिला सांगितलं. भाकरी जळालेली मिळाली.

३१ डिसेंबर, मंगळवार

लेकरांनी नवीन वर्षाची ग्रीटिंगं बनवली. रुचि मॅडमला चौदा. मला दोन. त्यातलं एक अंगदचं, आत लिहिलेलं, 'प्रिय रुचि मॅडम'.

२०२५ चे संकल्प:
कुणाचा हेवा करायचा न्हाई. (करत न्हाईच. पण लिहिलेलं बरं.)
आठवड्यातून एकदा आईला फोन. फोनवर ती 'धर्मराज शेतात गेलाय' यापासून सुरुवात करते, तेव्हा गप्प बसायचं.
आर्ट थेरपीत आपणच उतरायचं. चित्रं वाचायला चित्रकार पाहिजे. मारवाड्याच्या पोरीनं बियाणं विकावं.

शेवटचं वाक्य खोडणार होतो. पण कुणी वाचणार न्हाई.

१५ जानेवारी, बुधवार

चित्रकलेच्या कपाटाची दुसरी चावी माझ्याकडे आहे हे मॅडमना माहीत न्हाई. ब्रश मोजायला उघडलं. ब्रश बराबर आहेत. खालच्या कप्प्यात फायली. प्रत्येकीवर लेकराचं नाव. शालूची वरच होती. म्हणजे अगदी वर न्हाई, सातवी.

आत एक चित्र. चित्र कसलं! अख्खा कागद काळा. तेलखडू इतका दाबून घासलाय की कागद दोन ठिकाणी फाटला. आणि उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. बस.

उभ्या उभ्या मोबाईलवर बघितलं. काळा म्हणजे भीती. लाल म्हणजे रक्त. त्यात ही पोरगी बोलत न्हाई. दोन आणि दोन चार. आजी मारते.

मॅडमना सहा आठवड्यांत कळलं न्हाई, मला चार मिनिटांत कळलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात न्हाई. तीन वर्षं मला नुसत्या सुरया आणि जास्वंदी. मॅडमला हे. माझ्याकडेपण तेलखडू होते. माझ्याकडे काहून न्हाई काढलं?

१६ जानेवारी, गुरुवार

देवानंद सरांना निष्कर्ष सांगितला. ते म्हणाले, मॅडम येऊ द्या, तोवर बिलकुल कुठं बोलू नका. बोललो न्हाई. फक्त संपत सरांना सांगितलं, कारण ते शालूच्याच गल्लीत राहतात, लक्ष ठेवू शकतात.

१८ जानेवारी, शनिवार

शालूची आजी आल्ती. ऑफिसच्या दारात उभी. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणे, कोणता सर म्हणतो मी नातीला मारते? समदी गल्ली इचारून राह्यली मला. लेक-सून परमुलखात, मी एकटी म्हातारी, पोरीला दोन टाईम गरम करून घालते, आन् तुमी माह्या कपाळी हे लावता?

सगळे शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. मीपण बघायला लागलो, की कोण तो.

मंग म्हणे, न्हाई शिकवायची आमाला. वर्गात जाऊन शालूचं दप्तर उचललं. शालू मागं मागं गेली. फाटकापर्यंत एकदाही वळून बघितलं न्हाई. बघायला पाहिजे होतं. मी तिच्यासाठीच केल्तं.

संपत सर दिवसभर मैदानातच होते.

२१ जानेवारी, मंगळवार

रुचि मॅडम स्टाफरूममध्ये आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, माझं उत्तर तयार होतं. खुर्ची ओढून समोर बसल्या. विचारलं, सर, फाईल तुम्ही उघडली?

म्हटलं, ब्रश मोजत होतो.

आणि पुढं जोडलं, काळा रंग म्हणजे भीती, हे तर शास्त्र आहे.

म्हणाल्या, सर, असं कोष्टक नसतं. त्या काळ्याचा अर्थ मलापण माहीत नाही. मी तिलाच विचारणार होते. ती सांगेपर्यंत थांबणार होते. गेल्या खेपेला तिनं पहिल्यांदा माझ्या कानात एक शब्द सांगितला.

मी विचारलं, कोणता?

म्हणाल्या, तो तिचा आहे, सर.

शाळा सुटली तरी मी तिथंच बसलेलो. लोकांना वाटलं असेल पश्चात्ताप. तसं न्हाई. हिशोब चालू होता. मॅडम: सहा-सात मंगळवार, एक शब्द. मी: तीन वर्षं, शून्य.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. फलक माझा: पाच रंग, मोर, संविधान, सगळं. कुणी फोटो काढला न्हाई. पाचवीच्या रांगेत शालूची जागा लेकरांनी रिकामी ठेवल्ती. कुणी सांगितलं न्हाई, आपोआप.

दैवशाला म्हणाली, त्या म्हातारीकडे जाऊन या. म्हटलं, माझी चूक असती तर गेलो असतो. ती म्हणे, बरं.

हे 'बरं' सगळ्या बाया कुठं शिकतात?

२ फेब्रुवारी, रविवार. वाटूर

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बघायला आलो. धर्मराजनं खाट उन्हाला टाकून दिल्ती, गादीवर गादी. आईला तो डोळ्यात थेंब टाकत होता, एका हातानं हनुवटी धरून. म्हटलं, मी टाकतो. आई म्हणे, राहू दे, त्याला सवय हाये.

सवय. असो.

धर्मराज चहा आणायला गेला तेव्हा सहज विचारलं. म्हणजे सहजच. या आर्ट थेरपीवाल्यांना दाखवून द्यावं की माझ्या बालपणात काही न्हाई, म्हणून. विचारलं, आई, शाळेला मलाच काहून पाठवलं? धर्मराजला काहून न्हाई?

आईच्या डोळ्याला हिरवी पट्टी. ती माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाली, दोघालाबी पाठवायचं होतं रे भुजंगा. बारका राहतो का बघावं म्हणून त्याला आधी नेलं, तुला आठवत नसल. तो इतका रडला, इतका रडला, त्याच एश्टीनं माघारी आणला. तुला सोडलं तर तू रडलाच न्हाईस. मंग मला वाटलं, ह्याला करमतंय. हा राहील. तू रडला असतास तर तुलाबी आणला असता की.

मी म्हटलं, आई, मी एश्टी गेल्यावर रडलो.

म्हणे, कधी?

म्हटलं, गोठ्याच्या मागं. रोज. दसऱ्यापर्यंत.

आईनं खाटेवर हात फिरवला. मंग माझा हात चाचपत म्हणाली, मंग मला कसं कळावं रे बाबा?

धर्मराज चहा घेऊन आल्ता. दारातून बघितलं, कप तिथंच पायरीवर ठेवले आणि गेला. शहाणा माणूस आहे. हे वाक्य पहिल्यांदाच लिहून राह्यलो.

डिसेंबरात लिहिलं होतं की एकदाही रडलो न्हाई. ते खोडत न्हाई. राहू दे.

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर शालूच्या घरी गेलो. चोवीस रंगांची पेटी घेतली. जाताना ठरवलं, मुद्दे तीन: माझा हेतू चांगला होता, संपत सरांनी वाढवून सांगितलं, शिक्षण महत्त्वाचं आहे.

आजीनं बसायला पोतं टाकलं. मी सुरू करायच्या आधीच म्हणाली, तुमीच का ते सर?

म्हटलं, हाव.

तीन मुद्दे होते, एकही निघाला न्हाई. म्हटलं, मावशी, मी चुकलो. मी तिचं चित्र चोरून बघितलं आणि मनानंच काहीबाही लावलं. तिला विचारलं न्हाई. तुम्हालाही विचारलं न्हाई.

आजी चुलीत काटक्या सरकवत राहिली. म्हणे, कसलं चित्र?

म्हटलं, सगळं काळं. कोपऱ्यात एक लाल ठिपका.

आजीचा हात थांबला. म्हणे, ऊसतोडीची टरक पहाटं निघाली. गुडूप अंधार. आईनं तिला झोपेतच ठेवली, उठली तर सोडायची न्हाई म्हणून. ही उठलीच. अनवानी पळाली टरकीमागं, पार डांबरीपस्तोर. मला पळवंना. मी पोचले तर ही रस्त्याच्या मधी उभी. दूर टरकीचा मागचा दिवा दिसत होता तेवढा. लाल. तो जाईपस्तोर बघितला. रडली न्हाई. मी म्हणलं, बरं झालं, गुणाची हाये, रडली न्हाई.

शालू आतल्या अंधारात माठाजवळ बसलेली. ऐकत होती.

चहा पिला. बशीत ओतला आणि तिथंच थोडा सांडला. उठताना आजीला एवढंच म्हटलं, जी लेकरं रडत न्हाईत ना मावशी, त्यांच्याकडे जरा जास्त बघावं लागतं.

आजी म्हणे, तुमाला कसं म्हाईत?

म्हटलं, शाळेत शिकवतात.

आजी म्हणाली, पाठवीन. पण त्या मॅडमनं येऊन सांगावं. तुमी न्हाई.

बराबर आहे. तरी जरा लागलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी चावी मॅडमना दिली. हातात दिली. आजी काय म्हणाली ते दिव्यासकट सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. म्हणे, सर, ते तिला सांगू दे. तुम्ही घरी जाऊन आलात, एवढं मला पुरे.

मंग मी एक मागणी केली. म्हटलं, मंगळवारी मलापण त्या खोलीत बसू द्या. मदतनीस म्हणून. पदरचा चहा पिईन.

बराच विचार केला त्यांनी. म्हणाल्या, आधी लेकरांना विचारते. शालूला चालत नसेल तर नाही. आणि बसलात तर अटी: सुधारायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कागद वाटायचे, पाणी भरायचं.

अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाला पाणी भरायला लावलं. हो म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शालू आली. मॅडम काल स्वतः जाऊन सांगून आल्त्या. मी चालेन का, असं मॅडमनी शालूला विचारलं तेव्हा तिनं खांदे उडवले. मॅडम म्हणे, हे हो समजूया, पण दाराजवळ बसा.

चाळीस मिनिटं. अंगदनं हत्ती काढला, पाच पायांचा. सोंड मोजली तर सहा. माझा हात आपोआप पुढं गेला. मंग मी त्या हातावर बसलो. अक्षरशः. मुंग्या आल्या.

शालूनं कागद उलटा करून काहीतरी काढलं. मी बघितलं न्हाई. थोडं बघितलं. काळ्यात आज पिवळा होता. अर्थ लावला न्हाई. (दोन लावले, पण कुणाला सांगितले न्हाईत.)

मॅडमच्या मांडीला टेकून बसली होती ती. मला काही वाटलं न्हाई. वाटलं. पण बसलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४

ऐतिहासिक दिवस! जल्दी लिहून ठेवतो, मंग विसरायला होतं.

आज जलरंग होते. मी दाराजवळ, नेहमीच्या जागी, तोंड बंद. शालू उठली. मॅडमच्या बाजूनं न जाता सरळ माझ्याकडे आली. हातात पाण्याचा डबा. माझ्याकडे बघितलं. आणि स्पष्ट आवाजात म्हणाली:

सर, पाणी बदला.

तीन शब्द! मॅडमला एक, तोही कानात. मला तीन, उघड, सगळ्यांसमोर. मी नळावर जाऊन डबा तीनदा विसळला. परत येताना अर्धं पाणी पँटवर सांडलं. मॅडमकडे बघितलं, त्यांना कळलं का म्हणून. त्या अंगदच्या बाजूला बसल्या होत्या, नुसत्या हसल्या.

म्हणजे शेवटी चित्रकाराकडेच आली पोरगी. संयमाचं फळ. देवानंद सरांना सांगायलाच पाहिजे.

सायंकाळी ६

सांगितलं. देवानंद सर म्हणाले, हो का? अहो, शालू तर शुक्रवारपासून बोलून राह्यली. माझ्या ऑफिसात येऊन खडू मागून गेली. संपत सर म्हणाले, खो-खोत शनिवारी केवढी भांडली माह्याशी, आऊट नव्हते म्हणे, आवाज रस्त्यापर्यंत. शिपाई म्हणाला, मला तर तिनं घंटा वाजवू का म्हणून विचारलं. बालवाडीच्या बाईंशी बोलली. खिचडीवाल्या मावशींशी बोलली.

मोजलं. माझा नंबर सहावा येतो. अंगदशीपण बोललीच असणार, त्याला धरलं तर सातवा.

दैवशालाला सगळं सांगितलं. ती म्हणे, मंग काय झालं? बोलली ना?

हो. बोलली.

पुढच्या मंगळवारी घरून मोठा डबा न्यायचा. छोट्यातलं पाणी फार जल्दी गढूळ होतं.